जावळाची लोकर

घोंगडीवर लिहा म्हणून यंदा आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकवाल्यांनी मला गळ घातली. मी म्हटलं, "बाबांनो, मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस. माझं अक्षर म्हणजे वाटंवर सांडलेल्या लेंड्या." ते म्हणाले, "आबा, तुमी बोलता तसंच लिवा." म्हणून लिहितोय. पण मी अट घातली आहे, माझे शब्द बदलायचे नाहीत. ज्याला कळणार नाहीत त्यानं माझ्या घरी यावं, मागापुढं बसावं आणि चहा पीत समजून घ्यावं.

आमचं गाव माणदेशात, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. दोन्ही जिल्ह्यांचा पाऊस आम्हाला दुसऱ्याचं गाव समजतो. इथं ऊस नाही, मेंढरं आहेत. धनगर मेंढरं राखतात आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी आम्ही विणतो. आज्यानं विणली, बापानं विणली, मी उभा जन्म विणली. माझ्यानंतर आमच्या घरात कुणी विणणार नाही. मुलगा संतोष गलाईच्या कामाला तमिळनाडूत आहे. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची. आमच्या भागातली कितीतरी पोरं त्याच धंद्यात देशभर पांगली आहेत. तो गेला याचं मला काही वाटत नाही, असं मी लोकांना सांगतो.

घोंगडी कशी होते ते आधी सांगतो, कारण हल्ली लोकांना वाटतं ती दुकानात पिकते. मेंढरू ओढ्यात धुवायचं, वाळू द्यायचं, मग कातरायचं. लोकर कमानीनं पिंजायची. बायकांनी चरख्यावर सूत काढायचं. उभं सूत अंगणात ताणून त्याला चिंचोक्याची खळ पाजायची, म्हणजे चिंचोके दळून, शिजवून केलेली चिकट पेज. त्यानं सूत ताठ होतं. खळ वाळायच्या आत पाऊस आला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आमच्या गावात पावसाला शिव्या देणारा एकच माणूस आहे, तो मी. मग माग. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात. पायानं पावडी दाबायची, हातानं आडव्या सुताचा धोटा फेकायचा, आलेला धागा फणीनं ठोकायचा. धाप, धाप, धाप. हा आवाज ज्या घरातनं येतो ते घर चालू आहे असं आम्ही समजतो.

आता जावळ. लेकराचे पोटातनं आणलेले केस म्हणजे जावळ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यात कोकराच्या पहिल्या कातरणीलाही जावळच म्हणतात. ती लोकर रेशमागत मऊ, टोकाला जरा तांबूस. एका कोकरावर मूठभर निघते. पुष्कळ कोकरांची गोळा करावी तेव्हा कुठं एक लहान घोंगडी होते. ती बाळंतिणीच्या घरी जाते. जावळाची घोंगडी विणायला हात हलका लागतो. ठोका जोरात बसला तर ती फळीसारखी होते, हळू बसला तर जाळीसारखी. आमच्या पंचक्रोशीत ती नीट विणणारा मी एकटा उरलोय. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण सांगायला दुसरा कुणी उरला नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची बघितली. एकदा पुण्याच्या एक बाई गाडीतनं उतरल्या. घोंगडी हातात घेतली, वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "काका, यात गुलाबी रंग मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळंल की. गुलाबी मेंढी घिऊन या."

बाई हसल्या आणि दोन काळ्या घोंगड्या घेऊन गेल्या. नंतर मला वाटलं, इतकं फटकळ बोलायला नको होतं. पण वाटलं ते नंतर.

एक गिऱ्हाईक मात्र मनातनं जात नाही. तो मेढ्याकडचा होता, डोंगरातला शेतकरी. सडपातळ, बोलायला लाजणारा. मला वाटलं वाट चुकला असेल. एवढ्या लांबनं घोंगडी न्यायला कोण येतं? बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आबा, लहान लेकराची घोंगडी पायजे. पण नवी नगं. वापरलेली द्या."

माझं टाळकं सरकलं. "मी काय जुन्या बाजारात बसलोय व्हय? ही बघ जावळाची. आत्ता मागावरनं काढलीय. हिच्यात काय वाईट दिसलं तुला?"

"वाईट काय न्हाई वो. लय चांगली हाय."

"मग?"

तो खाली बघायला लागला. आमची मंडळी, शेवंता, आतनं ऐकत होती. ती बाहेर आली, मला म्हणाली, "तुमी जरा मागावर बसा," आणि त्याच्यापुढं टेकली. बायकांना विचारायची रीत असते. तिनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. घरात दोन बाळं होऊन गेली होती. एक दिवसाचं, एक महिन्याचं. आता तिसऱ्या वेळी बायकोला दिवस गेलेले. त्याच्या आईचं म्हणणं होतं की या खेपेला लेकरासाठी नवं काही घ्यायचं नाही. जे लेकरू जगलं, वाढलं, त्याचं अंगावरचं मागून आणायचं. मागून आणलेल्यात लेकरू वाढतं.

ही रीत आमच्याकडेही आहे. मला ठाऊक होती. पण विणणाऱ्याच्या दारात येऊन कुणी जुनं मागितलं नव्हतं, म्हणून मला झोंबलं.

शेवंतानं मला न विचारता ट्रंक उघडली आणि आमच्या संतोषची लहानपणची घोंगडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "ही घ्या. ह्यो आमचा एकुलता एक. आता दाराच्या चौकटीला डोकं लागतंय त्येचं."

त्यानं ती डोक्याला लावली. पुढं वर्षा-दीड वर्षानं तो परत आला. खांद्यावर पोरगं. मी विचारलं, नाव काय ठेवलंस? म्हणाला, "शाळंसाठी राजवर्धन. घरात दगडू." राजवर्धन माझ्या मिशा ओढत होता. घोंगडी परत आणली नाही. त्याच्या भावकीत ती एका घरातनं दुसऱ्या घरात फिरतेय म्हणाला. मी म्हटलं, फिरू दे.

आता घरचं सांगतो. हे लिहू की नको यावर शेवंताशी माझं भांडण झालं. पण अश्विनीला विचारलं. अश्विनी म्हणजे आमची सून. ती म्हणाली, "लिवा मामंजी. न्हाईतरी कोणच बोलत न्हाई तिच्याबद्दल."

संतोषचं लग्न झालं आणि काही दिवसांनी अश्विनी गरोदर राहिली. मी हुरळून गेलो. कुणाचं ऐकलं नाही. बिरा नावाचा आमचा जुना धनगर आहे. त्याला निरोप दिला की औंदा तुझ्या कळपातलं सगळं जावळ माझं. शेवंता म्हणाली, "आवं, आधी लेकरू तरी होऊ द्या." मी म्हटलं, "थंडीत हुणार. तवा मी खळ वाळवत बसू व्हय?" सूत निघालं, ताणलं, माग भरला. गावातली माणसं बघायला यायची. मी धोटा फेकत सांगायचो, "नातवंडाची हाय. हात लावू नगा."

अश्विनी माहेरी गेली होती, पलूसकडं. आठवा महिना भरत आला आणि एके दिवशी पोटातली हालचाल थांबली. तिला कराडला नेलं. डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केले, मी कुणाला बोल लावत नाही. मुलगी झाली. ती रडलीच नाही.

मी आणि व्याही दवाखान्यात उभे होतो. नर्सबाईंनी तिला माझ्या हातात दिली. सगळं होतं हो. नखं होती. ओठ होते. आणि डोकं भरून जावळ. काळं, ओलं, टोकाला जरा तांबूस. मी उभ्या जन्मात किती जावळ हाताळलं असेल, पण माझा हात तिच्या डोक्यावर थांबला तो उचलेना.

तिला आमच्याच रानात ठेवायचं ठरलं. मी घरी आलो आणि मागावरची घोंगडी कापली. विणणं निम्म्यावर आलं होतं. शेवंता म्हणाली, "अर्धीच हाय की वो."

तेवढी पुरली.

त्यानंतर गावातल्या दोन-चार बायका कुजबुजल्या, आधीच विणायला घेतली म्हणून असं झालं. मी ते मानत नाही. माझ्या घोंगडीनं कुणाचं वाईट केलेलं नाही आणि करणार नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. पण आमच्या घरातनं एक शब्द गेला तो गेलाच. जावळ. गिऱ्हाईक यायचं, "जावळाची हाय का?" विचारायचं. मी म्हणायचो, "कोकराची न्हाई ठेवत आता." अश्विनी आत भाकरी थापत असायची. तिची थाप मधेच थांबायची आणि परत सुरू व्हायची. मला ते बाहेर ऐकू यायचं.

संतोष तिला तिकडं घेऊन गेला. दोन अडीच वर्षं गेली. फोन यायचा. जेवलात का, पाऊस हाय का, गुडघा कसा हाय. बस. आम्ही इकडं दोघं, ती दोघं तिकडं. सणाला येऊन जायची. अंगणात दुसऱ्याची लेकरं खेळताना बघत अश्विनी बसायची आणि कुणी तिच्याकडं बघितलं की उठून आत जायची. मला नातवंडाची हौस होती असं लोक म्हणतात. हौस म्हणजे जत्रेत जायची असते. मला आमच्या घरात एक माणूस कमी आहे असं वाटायचं. जेवायला बसलं की वाटायचं, अजून कुणाचं तरी ताट वाढायचं राहिलंय.

यंदा उन्हाळ्यात संतोष तिला गावी सोडायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, डॉक्टर म्हनल्यात दगदग नगं. तिकडं मी दिसभर भट्टीवर. ती एकटीच आसती घरात."

"माहेरी?"

"न्हाई म्हनती. तिथं जायचं न्हाई तिला. आन् आबा, कायबी बोलू नगा. आपनहून ती बोलंल तेवढंच."

मला कळलं. मी मान हलवली. तो गेला आणि मी गुरांच्या गोठ्यात जाऊन उगाच उभा राहिलो.

तेव्हापासून आमच्या घरात काय भाषा चालली म्हणून सांगू! कुणी बाळ म्हणायचं नाही. डोहाळजेवण नाही, चोर ओटी नाही, बांगड्यावाल्या कासाराला दारातनंच परत. तपासणीला विट्याला जायचं तर शेवंता म्हणायची, "उद्या बाजाराला जायाचंय." आणि आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन बाजाराला जायचो. परत आलो की मी विचारायचो, "बाजार कसा झाला?" अश्विनी म्हणायची, "चांगला झाला मामंजी." एवढ्यावर माझं दोन दिवस जेवण गोड लागायचं. संतोषचा फोन आला की तोही विचारायचा, बाजार कसा झाला. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "एवढा बाजार करता, घरात चटणी-मीठ तरी दिसंना की गं!"

शेवंताच्या मनात मागून आणायचं होतं. "मेढ्याच्या माणसाकडनं संतोषची घोंगडी आणा. न्हाई तर दुसऱ्या कुणाची तरी."

मी म्हटलं, "माझ्या नातवंडाला मी मागून आणू? मी मेल्यावर आण."

"तुमचा हेका काय सुटायचा न्हाई."

"न्हाई सुटायचा."

आमचं हे हळू आवाजात चालायचं. पण घर लहान, आणि सुनेचे कान तिखट. एक दिवस ती भांडी विसळता विसळता सासूला म्हणाली, "आत्या, जुनं बी नगं आन् नवं बी नगं. कायच नगं. आधी बघू."

मग एक गोष्ट झाली. मी काळ्या लोकरीची साधी घोंगडी लावली होती, मेंढपाळाची. दुपारी विणत होतो. मागाच्या खोलीची भिंत आणि माजघराची भिंत एकच. सूत तुटलं म्हणून मी थांबलो, तर पलीकडनं आवाज आला, "मामंजी, का थांबला?"

"सूत तुटलं पोरी. तरास हुतोय का आवाजाचा?"

"न्हाई. चालू द्या."

जरा वेळानं परत थांबलो तर परत तेच. संध्याकाळी शेवंतानं मला सांगितलं. मागाचा ठोका पडला की आतलं हलतं. ठोक्याला लाथ मारतं. अश्विनी भिंतीला पाठ लावून बसते आणि हात ठेवून मोजत राहते. ज्या दिवशी हालचाल कमी वाटते त्या दिवशी तिचं तोंड पांढरं पडतं. मग मागाचा आवाज आला की बरं वाटतं.

गड्यांनो, मी मागावर बसायचं जवळजवळ सोडलं होतं. गुडघे धरतात, कंबर धरते. पण त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की मी खड्ड्यात पाय सोडतो. कुणी मागितलेल्या नाहीत अशा घोंगड्या विणतोय. घरात ढीग लागला. शेवंता विचारते, "ह्या कोण घेणार?" मी म्हणतो, "घेतील." नाही घेतल्या तर नाही. माझ्या ठोक्याला पलीकडनं उत्तर येतंय, असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं. ते उत्तर मला ऐकू येत नाही ही गोष्ट वेगळी. मी भिंतीकडं बघत ठोकतो.

विणता विणता सूत सरलं. लोकरही सरली. आता काय ठोकायचं या फिकिरीत मी होतो, आणि नेमका बिरा आला.

बिरा कोकणाकडं कळप घेऊन गेला होता. मग कर्नाटकाकडं फिरला. त्याला घरचं काही ठाऊक नाही. मागच्या खेपेला पोरीचं झालेलं तेवढं त्यानं ऐकलं होतं. अश्विनी परत गरोदर आहे हे त्याला कोण सांगणार? तो वेशीतनंच ओरडत आला. धनगराचा आवाज, माळावर पोचवायची सवय. "आबा! जावळ आणलंय! औंदा लय दाट हाय! घेताय का?"

मी चप्पल न घालता धावलो. "वरडू नगंस! हळू!"

"का? कोण निजलंय का?"

"तुझं तोंड बंद कर आन् जा फुडं. मला नगं ते."

"आरं तिच्या! जावळ नगं? आबा, ताप आलाय का तुमास्नी?"

"बिरा, जा म्हन्तोय न्हवं?"

तो पोतं खांद्यावर घेऊन माझ्याकडं बघतच राहिला. मी मागं वळून बघतो तर अश्विनी दारात. एक हात चौकटीला, एक कमरेला. बिरानं तिला बघितलं, तिचं पोट बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं पोतं खाली टाकलं आणि पागोट्याचा पदर तोंडाला लावला. "चुकलं वैनी. मला ठावं न्हवतं."

ती पायऱ्या उतरून आली. पोत्याचं तोंड सैल केलं आणि आत हात घातला. कोपरापर्यंत. शेवंता तिला आवरायला पुढं झाली, मी तिला अडवलं. अश्विनीनं हात तसाच ठेवून बिराला विचारलं, "जगली का वो सगळी कोकरं?"

दुसरा कुणी असता तर तोंडदेखलं व्हय म्हणाला असता. बिरा म्हणाला, "सगळी कुटं जगत्यात वैनी. लांडग्यानं नेली, थंडीनं गेली. काय तर जलमतानाच."

अश्विनीचा हात पोत्यातच होता.

"पर ह्ये जगलेल्यांचं हाय," बिरा म्हणाला. "गेल्या कोकराचं जावळ आमी न्हाई कातरत. त्येचं त्येच्यासंगं जातंय. जे कोकरू जगलं, चराया लागलं, त्येचंच कातरायचं. हे पोतं समदं जित्यांचं हाय."

एवढी वर्षं जावळ विकत घेतोय, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं. अश्विनीनं हात बाहेर काढला. बोटांना लोकर चिकटली होती, ती तिनं झटकली नाही. "मामंजी," ती म्हणाली, "ठिवून घ्या." आणि आत गेली.

विणा म्हणाली नाही. ठेवून घ्या म्हणाली. मी हेकट असलो तरी शब्दाला पक्का आहे. पोतं आढ्याला टांगून ठेवलं आणि हात लावला नाही. दोन बाजार झाले. म्हणजे विट्याचे. दुसऱ्या बाजाराहून आल्यावर ती पोत्याखाली उभी राहिली आणि शेवंताला म्हणाली, "आत्या, सूत किती बारीक काढावं लागतं ह्येचं?" शेवंतानं माझ्याकडं बघितलं आणि चरखा पुसायला घेतला.

सध्या तेच मागावर आहे. दुपारचा ठोका आता हलका पडतो, जावळाला तसाच लागतो. मला धास्ती होती की हलक्या ठोक्याला पलीकडनं काही उत्तर येणार नाही. अश्विनी म्हणाली, येतंय.

अंकवाल्यांना लिखाण दोन महिने आधी लागतं. तिची तारीख त्या दोन महिन्यांच्या मधे आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा आमच्या घरात काय झालेलं असेल ते तुम्ही येऊन विचारू शकाल, मला आज सांगता येत नाही. देवाला मी काही बोललो नाही. गेल्या वेळी लय बोललो होतो.

काल दुपारी विणत होतो. अश्विनी आत आली आणि पहिल्यांदाच मागाशेजारी बसली. विणून झालेल्या पट्टीवरनं तिनं तळहात फिरवला, मग उलटा हात फिरवला, मग पट्टीला गाल लावून बघितला. मी धोटा हातात धरून थांबलो.

"मामंजी," ती म्हणाली, "लेकराला टोचंल का वो ही?"

लेकरू म्हणाली. घरात इतक्या दिवसांत कुणी उच्चारलं नव्हतं. न्हाई टोचत, असं म्हणावंसं वाटलं. पण घोंगडीच्या बाबतीत मी आजपर्यंत कुणाला खोटं सांगितलेलं नाही, तिला कसं सांगू?

"जावळाची असली तरी लोकर हाय पोरी. नव्यानव्यात टोचंल जरा. रडंल."

ती माझ्याकडं बघून हसली. किती दिवसांनी.

"रडू द्या की मामंजी," म्हणाली. "लय रडू द्या."